नोंद आहे, पण सांपडत नाहीं



एका कुटुंबाची कल्पना करा. आजोबा पारशिवनी तालुक्यांतील एका खेड्यांत शेती करीत. वडील नोकरीनिमित्त नागपुरास आले, आणि नातवंडें तर आज पुण्यास किंवा त्याहूनहि दूर आहेत. आजोबा वारले, मागाहून वडीलहि वारले; आणि एके दिवशीं नातवाच्या मनांत आलें कीं, आपल्या घराण्याचें शेत अजून तेथें आहे कीं नाहीं, तें एकदां पाहावें. त्याला गट क्रमांक ठाऊक नाहीं, खातें क्रमांकहि ठाऊक नाहीं. ठाऊक आहे तें एवढेंच : आजोबांचें नांव, उईके हें आडनांव, आणि 'आपलें गांव पेंचेच्या बाजूला' ही घरांतली जुनी बोली. तो संगणकासमोर बसतो, नांव लिहितो, आणि पडद्यावर उत्तर उमटतें : 'नोंद सांपडली नाहीं.' आजी उसासा टाकून म्हणते, "गेली म्हणायची जमीन!"

पण जमीन गेलेली नसते. दप्तरांत आडनांव 'उइके' असें ऱ्हस्व लिहिलेलें असतें, आणि नातवानें तें दीर्घ लिहिलेलें असतें. यंत्रानें एक अक्षर दुसऱ्या अक्षराशीं ताडून पाहिलें, दोन्ही निराळीं दिसलीं, आणि त्यानें 'नाहीं' म्हणून सांगितलें. हें कुटुंब माझ्या कल्पनेंतलें आहे. परंतु ज्यांनीं ज्यांनीं जुन्या कागदांचा शोध घेतला आहे, त्यांना हा प्रसंग अपरिचित वाटणार नाहीं. आज मला जें सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, न सांपडणें आणि नसणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. नोंद सांभाळणारें दप्तर ही एक वस्तु, आणि नोंद शोधून देणारी सूचि ही दुसरी वस्तु. दोहोंचा जोड नीट घातलेला असेल तर माणसाला त्याचें हक्काचें उत्तर मिळतें. नसेल तर दप्तर शाबूत असूनहि तें गहाळ झाल्यासारखेंच होय.

पारशिवनी हें नागपुराच्या उत्तरेस असलेलें तालुक्याचें गांव. पेंच नदीवरील नवेगाव खैरीचें धरण याच तालुक्यांत आहे, आणि नागपूर शहराला पिण्याचें पाणी पुरविणाऱ्या ठिकाणांत त्याची गणना होते. कन्हानच्या परिसरांतील कोळशाच्या खाणी याच तालुक्यांत, आणि कोलितमाऱ्याचें जंगलहि याच तालुक्यांत. जेथें धरण, कालवा, खाण आणि जंगल हीं चारहि एकत्र नांदतात, तेथें जमिनीच्या नोंदीला किती महत्त्व असेल, हें सांगावयास नको. आतां मौज अशी कीं, खुद्द या गांवाचें नांवहि कागदोपत्रीं एका रूपांत सांपडत नाहीं. कोणी पारशिवनी लिहितो, कोणी पारसिवनी. आणि इंग्रजी कागदांत जें लिहिलें जातें, तें अक्षरशः वाचलें तर पारसेओनी असें कांहीं तरी होतें. याच तालुक्यांत पेंचेच्या कांठीं सन १९७८ ते १९८० च्या उत्खननांत महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली. त्या गांवाला स्थानिक लोक नयाकुंड म्हणतात, आणि पुरातत्त्वाच्या ग्रंथांत तेंच नायकुंड होतें. माणसाला हें एकच गांव आहे हें सांगावें लागत नाहीं. यंत्राला तें सांगावेंच लागतें.

प्रथम दप्तराचा विचार करूं. ज्याला आज 'रिलेशनल डेटाबेस' म्हणतात, त्याची ओळख करून घेण्यास गांवच्या महसुली दप्तराइतकें सोयीचें उदाहरण दुसरें नाहीं. गांव नमुना सात या पत्रकांत प्रत्येक गटाचें क्षेत्र, आकार, भोगवटादाराचें नांव, खातें क्रमांक आणि इतर अधिकार हीं लिहिलेलीं असतात. नमुना बारामध्यें पिकांची नोंद असते. हे दोन मिळून आपला नेहमींचा सातबारा होतो. एका खातेदाराची त्या गांवांतील सगळी जमीन एकत्र पाहावयाची असेल तर नमुना आठ-अ काढावा लागतो. आणि जमीन कोणाकडून कोणाकडे, खरेदीनें कीं वारसानें, केव्हां गेली, याची हकीकत नमुना सहा, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहींत असते. सातबाऱ्यावर ती हकीकत पुन्हां लिहीत नाहींत. तेथें केवळ फेरफाराचा क्रमांक असतो. हकीकत हवी तर तो क्रमांक घेऊन नमुना सहा उघडावा.

हीच ती युक्ति. प्रत्येक गोष्ट एकाच वहींत, एकदांच लिहावयाची. आणि इतरत्र तिचा क्रमांक तेवढा द्यावयाचा. सन १९७० मध्यें आय. बी. एम. या अमेरिकन कंपनींतील एडगर कॉड या गणितज्ञानें आपल्या एका निबंधांत संगणकांतील माहिती अशाच रकान्यांच्या कोष्टकांत ठेवण्याचा सिद्धांत मांडला. गणितांत अशा कोष्टकाला 'रिलेशन' असें नांव आहे, त्यावरून पुढें हें नांव रूढ झालें. बँकेचें खातें, रेल्वेचें आरक्षण, विद्यापीठाचा निकाल, हीं सर्व आज बहुधा अशाच दप्तरांत असतात.

या दप्तराचा दुसरा गुण असा कीं, तें अर्धवट काम करीत नाहीं. समजा, एक खातेदार वारला व त्याच्या जागीं दोन मुलांचीं आणि एका मुलीचें नांव लावावयाचें आहे. जुन्या नांवाला कंस करावयाचा, तीन नवीं नांवें चढवावयाचीं, फेरफाराचा क्रमांक लिहावयाचा, अशीं ही पांच कामें आहेत. तिसऱ्या कामानंतर वीज गेली तर काय होईल? चांगलें दप्तर अशा वेळीं पहिलीं तीन कामेंहि मागें घेतें. सर्व होईल, नाहीं तर कांहींच होणार नाहीं, ही त्याची प्रतिज्ञा आहे. म्हणूनच हक्काचा, पैशाचा आणि जबाबदारीचा मजकूर अशाच दप्तरांत ठेवावा. खरें काय, हें सांगण्याचा अधिकार त्याचा.

परंतु खरें सांगणें निराळें आणि शोधून देणें निराळें. दप्तराला क्रमांक सांगा, तें क्षणांत पान काढून देईल. नांव सांगितलें तरी, तें नांव पहिल्या अक्षरापासून तंतोतंत असेल तर, चालेल. कारण दप्तर आपल्याजवळ नांवांची अकारविल्हे यादी ठेवतें. टेलिफोनच्या जुन्या यादींत आपण आडनांव असेंच शोधीत होतों. पण 'ज्या गांवाच्या नांवाच्या शेवटीं शिवनी आहे, असें गांव कोणतें?' असें विचारलें कीं ती यादी निरुपयोगी होते. पारशिवनी 'प' मध्यें आहे आणि आपण शोधतों आहों 'श' मध्यें. मग दप्तराला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक ओळ वाचीत जावें लागतें. शंभर ओळी असतील तर हरकत नाहीं. कोट्यवधि ओळी असतील तर शोधणारा कंटाळून उठून जातो.

आणखी एक अडचण आहे. फेरफाराची हकीकत ही रकान्यांत बसणारी गोष्ट नव्हे. ती गद्य असते. अमक्यानें तमक्यास शेत विकलें, कालव्यासाठीं इतकी जमीन संपादित झाली, विहिरींत अमक्याचा अर्धा हिस्सा, असा तो मजकूर असतो. आणि नातवाला हवें असलेलें सूत्र पुष्कळदां या मजकुरांतच लपलेलें असतें. त्याला प्रश्न विचारावयाचा असतो तो असा : 'कालवा आणि उईके हे दोन शब्द ज्या नोंदींत एकत्र आले आहेत, त्या सर्व नोंदी मला दाखवा.' या प्रश्नाला उत्तर देणें हें दप्तराचें काम नव्हे. तें सूचीचें काम आहे.

सूचि म्हणजे काय, हें ग्रंथप्रेमी श्रोत्यांस सांगावयास नको. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं ज्या ज्ञानकोशाच्या कामाचा आरंभ नागपुरांत केला, त्या तेवीस खंडांच्या ग्रंथांत एक सबंध खंड सूचीसाठीं खर्ची घातलेला आहे. कोश मुळांतच अकारविल्हे असतांना सूचि कशाला, असें कोणी म्हणेल. पण जी गोष्ट दुसऱ्याच एखाद्या लेखाच्या पोटांत सांगितली आहे, ती शीर्षकावरून कशी सांपडावी? संगणकांतील शोधयंत्र हेंच काम प्रत्येक शब्दाच्या बाबतींत करतें.

तें कसें, हें लहानशा उदाहरणानें पाहूं. समजा, तीन नोंदी आहेत. क्रमांक ११२ च्या नोंदींत 'मौजा', 'वारस' व 'विहीर' हे शब्द आहेत. २४० मध्यें 'मौजा', 'कालवा' व 'संपादन'. आणि ३०५ मध्यें 'मौजा', 'वारस' व 'कालवा'. शोधयंत्र हें सारें उलटें मांडतें. 'वारस' या शब्दापुढें ११२ आणि ३०५. 'कालवा' या शब्दापुढें २४० आणि ३०५. 'विहीर' या शब्दापुढें केवळ ११२. आतां कोणी 'वारस' व 'कालवा' असे दोन शब्द विचारले तर नोंदी वाचण्याची गरजच उरत नाहीं. दोन याद्या शेजारीं ठेवावयाच्या आणि दोहोंत असलेला क्रमांक उचलावयाचा. उत्तर ३०५. नोंदी तीन असोत वा तीन कोटी, रीत हीच.

या उत्तरांचा क्रम कसा लावावा, हाहि विचार त्यांत आहे. 'मौजा' हा शब्द वरील प्रत्येक नोंदींत आहे. म्हणून त्यावरून कांहींच कळत नाहीं. 'कोलितमारा' हा शब्द मात्र क्वचित् येतो. म्हणून तो जेथें आला, ती नोंद मोलाची. विरळ शब्दाला अधिक वजन द्यावें, हें तत्त्व केरन स्पार्क जोन्स या इंग्रज विदुषीनें सन १९७२ मध्यें मांडलें, आणि आजचीं शोधयंत्रें तें कोणत्या ना कोणत्या रूपानें पाळतात. पुढें सन १९९९ मध्यें डग कटिंग यांनीं 'ल्यूसीन' नांवाचें शोधयंत्र सर्वांस मोफत खुलें करून दिलें. आज पुष्कळ ठिकाणीं वापरांत असलेलीं 'सोलर' आणि 'इलॅस्टिकसर्च' हीं यंत्रें त्याच्याच पायावर उभीं आहेत.

येथपर्यंत सर्व सोपें वाटतें. पण यंत्राला मराठी शिकवावयाची वेळ आली म्हणजे खरी परीक्षा होते. आपली भाषा शब्दाला प्रत्यय चिकटवते, आणि चिकटवतांना शब्दाचें रूपहि पालटते. पाणी, पाण्याचा, पाण्यांत, पाण्यासाठीं; विहीर, विहिरीचा; नागपूर, नागपुरांत. इंग्रजींत विभक्तीचें काम करणारा शब्द बहुधा वेगळा लिहितात. आपल्याकडे तो मूळ शब्दांत मिसळून जातो. म्हणून सूचि करतांना प्रत्यय छाटून मूळ रूपाजवळ जावें लागतें. भारतीय भाषांतील शोधाची तुलना करण्यासाठीं सन २००८ मध्यें 'फायर' या नांवाचा उपक्रम सुरू झाला, आणि त्यांत मराठी वृत्तपत्रांतील लेखांचा संग्रह अभ्यासकांना मिळाला. त्या संग्रहावर स्वित्झर्लंडमधील नोशातेल विद्यापीठाचे लिलियाना दोलामिक आणि जॅक सॅव्हॉय यांनीं हिंदी, बंगाली व मराठी या तीन भाषांचे प्रयोग केले. प्रत्यय मुळींच न छाटण्यापेक्षां, किंवा जुजबी छाटण्यापेक्षां, ते अधिक खोलवर छाटले तर शोध सुधारतो, असा निष्कर्ष त्यांनीं सन २०१० मध्यें प्रसिद्ध केला.

मात्र ही कात्री सर्वत्र चालवूं नये. 'खैरीला' या शब्दांतील 'ला' कापला तर खैरी हें गांव मिळतें, हें ठीकच. पण तीच कात्री 'निर्मला' या नांवावर चालविली तर 'निर्म' उरतें, आणि 'शकुंतला' या नांवाचें 'शकुंत' होतें! ज्या घरांत आजीच्या नांवावर शेत आहे, त्या घरावर हा केवढा अन्याय! म्हणून शहाणा रचनाकार दोन सूचि करतो. हकीकतीच्या मजकुरासाठीं प्रत्यय छाटलेली. आणि नांवांसाठीं प्रत्ययांना हात न लावलेली, पण लेखनभेद क्षम्य मानणारी.

लेखनभेदांची गोष्ट तर आपण सर्वजण जाणतोंच. सन १९६२ मध्यें मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनानें स्वीकारले आणि पुष्कळ अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वींचा कागद 'नांव' म्हणतो, नंतरचा 'नाव' म्हणतो. आणि माझ्यासारखा जुन्या वळणाचा मनुष्य आजहि 'नांव'च लिहितो. कोणी रामचंद्र लिहितो, कोणी रामचन्द्र. सूचि करतांना ऱ्हस्व आणि दीर्घ एक मानावे, अनुस्वार आणि अनुनासिक एक मानावे, 'शिवनी' आणि 'सिवनी' ही एकाच गांवाची नांवें आहेत असें शिकवावें. तंतोतंत जुळेल तें आधीं दाखवावें, जवळपास जुळेल तें त्याच्या खालीं. पण एक पथ्य कधींहि मोडूं नये. ही सारी सवलत सूचींत द्यावयाची; दप्तरांतील अक्षराला हात लावावयाचा नाहीं. मूळ कागदावर 'उइके' असेल तर तेथें 'उइके'च राहिलें पाहिजे. दप्तर हा पुरावा आहे, आणि पुरावा सुधारून घेतां येत नाहीं.

याहून गूढ असा एक भेद आहे, जो डोळ्यांना दिसतच नाहीं. 'ॲ' हें अक्षर संगणकांत दोन प्रकारें लिहितां येतें : एक म्हणजे 'अ' वर चंद्र देऊन, आणि दुसरें म्हणजे सन २००८ मध्यें युनिकोड या जागतिक लिपिसंकेतांत समाविष्ट झालेलें स्वतंत्र अक्षर म्हणून. 'शेतकऱ्याचा' या शब्दांतील 'ऱ्य' चीहि तीच गत. तो लिहिण्याच्या एका रीतींत तर मध्यें एक अदृश्य चिन्ह दडलेलें असतें. कागदावर छापलें तर दोन्हीं सारखींच दिसतात, आणि यंत्राच्या दृष्टीनें तीं दोन भिन्न अक्षरें असतात. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांच्या खासगी संकेतांत भरला जाई. तो पुढें रूपांतरित करतांना अक्षरें इकडचीं तिकडे होण्याचा संभव असतो. म्हणून सूचींत शब्द घेण्यापूर्वीं सर्व अक्षरें एका ठराविक रूपांत आणणें, हें पहिलें कर्तव्य आहे.

आणि जो कागद केवळ छायाचित्र म्हणून संगणकांत ठेवला आहे, त्यांत तर यंत्राच्या दृष्टीनें एकहि शब्द नाहीं. सन २०२३ मध्यें महाराष्ट्र शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि जुन्या कागदांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या वेळीं मोडी आणि उर्दू वाचणारीं माणसें शोधून आणावीं लागलीं. दप्तर होतें, सूचि नव्हती. सूचि नसली म्हणजे माणसाच्या डोळ्यांनीं पान न् पान वाचावें लागतें, याचें हें अलीकडचें उदाहरण.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. दप्तर चांगलें आहे, सूचि चांगली आहे. दोहोंचा जोड कसा घालावा?

सर्वांत साधा उपाय म्हणजे सूचि दप्तराच्याच घरांत ठेवणें. 'पोस्टग्रेस' या मोफत मिळणाऱ्या दप्तरांत सन २००८ पासून शब्दसूचीची सोय अंगभूत आहे. 'मायएस्क्यूएल' च्या नेहमींच्या कोष्टकांना ती सन २०१३ पासून मिळाली. येथें नोंद आणि सूचि एकाच व्यवहारांत बदलतात. म्हणून त्यांच्यांत मतभेद होत नाहीं. एका तालुक्याचें काम, एका ग्रंथालयाचें काम, एका संस्थेचें काम एवढ्यावर सुखानें चालतें. प्रत्यय छाटण्याची मात्र बहुधा आपली आपणच व्यवस्था करावी लागते. उगीच मोठें यंत्र आणून बसविण्याची हौस करूं नये, असाच माझा सल्ला राहील.

पण काम फार वाढलें, किंवा भाषेचे बारकावे फार झाले, म्हणजे सूचीसाठीं स्वतंत्र यंत्र घ्यावें लागतें. आणि स्वतंत्र घर झालें कीं दोन घरांत बातमी पोंचविण्याचा प्रश्न येतो. नवशिका रचनाकार म्हणतो, 'त्यांत काय आहे? आधीं दप्तरांत लिहूं, मग सूचींत लिहूं.' पण दप्तरांत लिहून झालें आणि सूचींत लिहिण्यापूर्वीं तार तुटली तर? दप्तर म्हणतें शेत मुलीच्या नांवावर आहे; सूचि म्हणते अजून बापाच्या. मुलगी आपलें नांव शोधते, तिला उत्तर मिळतें, 'नाहीं.' चूक कोठेंहि नोंदलेली नसते, कोणी तक्रार केल्याशिवाय ती कळतहि नाहीं. क्रम उलटा केला तर त्याहून वाईट. मग जी नोंद झालीच नाहीं, ती सूचि दाखवूं लागते.

यावर अनुभवी लोकांनीं काढलेली तोड मोठी मार्मिक आहे. रचनाकारानें लिहावयाचें तें एकाच ठिकाणीं, दप्तरांत. मात्र त्याच व्यवहारांत, दप्तरांतल्याच एका लहान वहींत, एक चिठ्ठी टाकावयाची : 'नोंद क्रमांक ३०५ बदलली.' नोंद पक्की झाली तर चिठ्ठीहि पक्की होते. नोंद मागें घेतली तर चिठ्ठीहि मागें घेतली जाते. मग एक सेवक त्या चिठ्ठ्या क्रमानें उचलतो, प्रत्येक वेळीं दप्तरांतली ताजी नोंद वाचतो आणि सूचि दुरुस्त करतो. तो मध्येंच थांबला, तर पुन्हां सुरू झाल्यावर उरलेल्या चिठ्ठ्या तेथेंच असतात. एखादी चिठ्ठी दोनदां उचलली गेली तरी बिघडत नाहीं; कारण तीच नोंद पुन्हां सूचींत लिहिल्यानें कांहीं वेगळें होत नाहीं. उशीर होईल, पण विसर पडणार नाहीं.

ही नुसती पुस्तकी गोष्ट नव्हे. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ येथील ग्रंथालयांची जुनी संगणक व्यवस्था सन २००० उजाडतांना बंद पडणार, असें दिसलें. तेव्हां कॅटिपो कम्युनिकेशन्स या संस्थेनें त्यांच्यासाठीं 'कोहा' नांवाची नवी व्यवस्था रचली. माओरी भाषेंत कोहा म्हणजे भेट. आणि खरोखरच ती जगाला मोफत भेट दिली गेली. महाराष्ट्रांतील अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयेंहि आज ती वापरतात. कोहामध्यें पुस्तकांच्या नोंदी 'मायएस्क्यूएल' च्या जातीच्या दप्तरांत असतात, आणि शोधासाठीं डेन्मार्कच्या 'इंडेक्स डेटा' या संस्थेचें 'झेब्रा' हें यंत्र जोडतां येतें. आणि दोहोंमध्यें काय असतें? दप्तरांतलीच एक लहानशी वही, जिच्यांत बदललेल्या नोंदींचे क्रमांक रांगेनें उभे असतात. ग्रंथपालानें नवें पुस्तक चढविल्यावर तें शोधांत दिसावयास कधीं कधीं थोडा वेळ लागतो, याचें कारण ही रांग होय.

दुसरा नियम असा कीं, सूचीनें केवळ क्रमांक सांगावा. मजकूर दप्तरानें दाखवावा. सूचि म्हणाली, '३०५ पाहा'. मग दप्तर उघडून ३०५ ची आजची स्थिति वाचावी. पाहणाऱ्याला ती पाहण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, तेंहि तेथेंच तपासावें. सूचि थोडी शिळी असली तरी मग खोटी नोंद कोणाच्या हातांत पडत नाहीं. तिसरा नियम असा कीं, सूचि केव्हांहि टाकून देऊन दप्तरावरून नव्यानें करतां आली पाहिजे. नवी सूचि शेजारीं पूर्ण तयार करावी, दोन्ही ताडून पाहाव्या, आणि मगच नांवाची पाटी जुनीवरून काढून नवीवर लावावी. अधूनमधून दोहोंतील नोंदींची संख्या मोजावी. ती जुळली नाहीं तर शोध घ्यावा. जी वस्तु पुन्हां करतां येते तिच्यावर प्रयोग करण्यास भय नसतें. दप्तर मात्र पुन्हां करतां येत नाहीं. म्हणून त्याची प्रत सांभाळावी.

चवथी गोष्ट पुसलेल्या नांवांची. सातबाऱ्यावर जुन्या मालकाच्या नांवाला कंस होतो. नांव नाहींसें होत नाहीं. वारसाच्या दृष्टीनें हें कंसांतलें नांवच पुष्कळदां पहिला दुवा असतो. म्हणून सूचीनें तेंहि शोधून द्यावें. पण 'हें नांव कंसांत आहे' असें स्पष्ट सांगून द्यावें. आजोबांचें नांव सांपडलें म्हणजे शेत मिळालें असें नव्हे. कोठें गेलें, हें विचारण्यासाठीं फेरफाराचा क्रमांक मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

आपण आतां पुन्हां त्या नातवाकडे जाऊं. सूचि आणि दप्तर नीट जोडलेलीं असतीं तर त्याला काय दिसलें असतें? त्यानें 'उईके' लिहिलें. वर एकहि तंतोतंत नोंद नाहीं, पण खालीं 'जवळचीं नांवें' म्हणून उइके आडनांवाचीं खातीं. त्यांत आजोबांचें नांव. त्यावरून गट क्रमांक, आणि गटावरून फेरफाराचा क्रमांक. तो वाचल्यावर शेत कोणाच्या नांवावर आहे, वारसांची नोंद झाली कीं राहून गेली, हें सारें त्याला कळलें असतें. कदाचित् उत्तर त्याच्या मनासारखें नसतें. पण तें खरें उत्तर असतें, आणि पुढें काय करावयाचें तें ठरविण्यास तो मोकळा झाला असता.

घरोघरच्या श्रोत्यांनीं यांतून दोन गोष्टी घ्याव्या. एक अशी कीं, गट क्रमांक, खातें क्रमांक आणि फेरफार क्रमांक हे तीन आंकडे घरांतील एका वहींत लिहून ठेवावे. नांवें बदलतात, लेखन बदलतें, क्रमांक हाच दप्तराचा सरळ दरवाजा आहे. पूर्वीं ज्याला पटवारी म्हणत, नंतर तलाठी म्हणूं लागले, आणि सन २०२४ पासून ज्याला ग्राम महसूल अधिकारी असें पदनाम मिळालें, त्याच्याकडे जातांनाहि हाच आंकडा उपयोगी पडेल. दुसरी अशी कीं, यंत्र 'नाहीं' म्हणालें तर लगेच हार मानूं नये. ऱ्हस्वाचें दीर्घ करून पाहावें, अनुस्वार काढून पाहावा, आडनांव सोडून नुसतें नांव घालावें, शेजारचें गांव तपासावें.

आणि जे अशीं यंत्रें रचतात, त्यांच्यापाशीं माझें एवढेंच मागणें आहे. 'नोंद नाहीं' असें आपल्या यंत्राला कधीं बोलूं देऊं नका. तें सांगण्याचा अधिकार सूचीला नाहीं. तिनें म्हणावें, 'आपण लिहिलेल्या शब्दानें मला सांपडलें नाहीं. हीं जवळचीं नांवें पाहा, आणि सूचि शेवटची केव्हां अद्ययावत् झाली ती वेळ ही.' या एका वाक्यानें यंत्राची प्रतिष्ठा कमी होणार नाहीं. आणि एखादी आजी आपली जमीन गेली असें समजून उगीच उसासा टाकणार नाहीं.